'तो म्हणाला की…' : अप्रत्यक्ष कथनाचा धडा आणि निवेदनाचा प्रश्न

१

इंग्रजी व्याकरण शिकलेल्या मराठी माणसाला 'डायरेक्टचे इनडायरेक्ट करा' ही आज्ञा सहसा विसरता येत नाही. अवतरणचिन्हे काढायची, 'दॅट' घालायचा, 'आय'चा 'ही' करायचा, वर्तमानकाळ भूतकाळात आणि भूतकाळ पूर्णभूतकाळात ढकलायचा, 'विल'चे 'वुड', 'नाऊ'चे 'देन', 'टुमॉरो'चे 'द नेक्स्ट डे' करायचे. एवढे झाले की वाक्य बदलले आणि गुण पदरात पडले. रेन आणि मार्टिन यांच्या १९३०च्या दशकातील व्याकरणपुस्तकाने हा धडा भारतीय उपखंडातील कित्येक पिढ्यांच्या अंगवळणी पाडला. शालेय आणि स्पर्धापरीक्षांमध्ये तो अजूनही टिकून आहे.

या धड्याकडे समीक्षेने आजवर फारसे लक्ष दिलेले नाही. तो अध्यापनशास्त्राचा विषय, फार तर उपयोजित भाषाविज्ञानाचा, असे मानले गेले. वस्तुतः दुसऱ्याचे बोलणे आपल्या बोलण्यात कसे आणावे, हा प्रश्न निवेदनमीमांसेचा गाभा आहे. कादंबरीतील निवेदक, इतिहासकार, वार्ताहर, साक्ष नोंदवणारा न्यायाधीश आणि आपण स्वतः दररोज हेच करीत असतो. आपल्यातील बहुतेकांनी या क्रियेचा जाणीवपूर्वक अभ्यास आयुष्यात एकदाच केलेला असतो, आणि तो इंग्रजीच्या तासाला. त्यामुळे त्या तासाने आपल्याला नेमके काय शिकवले, हे तपासणे अगत्याचे ठरते.

प्रस्तुत लेखाचे प्रतिपादन थोडक्यात असे आहे. शालेय धडा अप्रत्यक्ष कथनाकडे एक समीकरण म्हणून पाहतो. डावीकडचे वाक्य आणि उजवीकडचे वाक्य अर्थाने तुल्य आहेत, फक्त रूप बदलले आहे, असे तो गृहीत धरतो. हे गृहीतक इंग्रजीच्या बाबतीतही खरे नाही. मराठीच्या बाबतीत तर ते दिशाभूल करणारे आहे, कारण मराठीने दुसऱ्याच्या उक्तीशी नाते जोडण्याची स्वतःची निराळी व्यवस्था घडवली आहे. त्या व्यवस्थेची ओळख नसल्यामुळे आपण विद्यार्थ्याच्या इंग्रजीत 'चूक' पाहतो आणि मराठी कादंबरीत जे आहे ते पाहण्यास मुकतो.

२

प्रथम धड्यातील नियमच घेऊ. विधानार्थी वाक्यांच्या बाबतीत रूपांतराची क्रिया यांत्रिक वाटते खरी. पण आज्ञार्थी वाक्यांपाशी येताच यंत्र अडते. 'द मास्टर सेड टु द सर्व्हन्ट, "ब्रिंग मी सम वॉटर"' या वाक्यातील 'सेड'च्या जागी 'ऑर्डर्ड' घालायचे. पण तेच शब्द नोकराने धन्याला उद्देशून उच्चारले तर 'रिक्वेस्टेड'. भिकाऱ्याने उच्चारले तर 'बेग्ड'. क्रियापद कशावरून निवडायचे? मूळ उक्तीतील एकही शब्द बदललेला नाही. विद्यार्थ्याला पाहावे लागते ते बोलणाऱ्याचे आणि ऐकणाऱ्याचे सामाजिक स्थान. म्हणजे व्याकरणाचा समजला जाणारा नियम येथे समाजरचनेचे ज्ञान गृहीत धरतो आणि तेच पुन्हा दृढ करतो. धनी नम्रपणे विनंती करू शकतो किंवा नोकर हुकूम सोडू शकतो, ही शक्यता उत्तरपत्रिकेत नसते.

उद्गारार्थी वाक्यांत तर विद्यार्थ्याला उघडच अर्थनिर्णय करावा लागतो. 'हुर्रे' हा शब्द अप्रत्यक्ष कथनात जाऊ शकत नाही. त्याच्या जागी 'एक्स्क्लेम्ड विथ जॉय' असे लिहायचे असते. 'अलास'च्या जागी 'विथ सॉरो'. मूळ वक्त्याने भावना व्यक्त केली होती; कथनकर्ता तिला नाव देतो. व्यक्त होणे आणि नाव दिले जाणे यांत किती अंतर आहे, हे साहित्याच्या विद्यार्थ्याला सांगण्याची गरज नाही. उपरोधाने काढलेला 'हुर्रे' या नियमापुढे पूर्णपणे असहाय ठरतो.

उलट दिशेचा प्रश्न, म्हणजे अप्रत्यक्षाचे प्रत्यक्ष करा, हा समीकरणाचा पोकळपणा अधिकच उघड करतो. 'शी आस्क्ड मी टु सिट डाउन' या वाक्यामागे मूळ उक्ती कोणती होती? मराठीत विचार करताच तिची अनेक रूपे समोर येतात. 'बैस', 'बसा ना', 'अगं, टेक की जरा', 'बसावे', 'उभा का, बस'. नात्याचा, वयाचा, रागलोभाचा एकेक पट यांतून उलगडतो. अप्रत्यक्ष वाक्याने हे सारे गिळून टाकलेले असते आणि ते परत मिळवण्याचा कोणताही व्याकरणिक मार्ग नाही. परीक्षेला एकच उत्तर हवे असते म्हणून आपण एकच उक्ती कल्पितो.

सारांश, अप्रत्यक्ष कथन ही उक्तीची मीमांसा असते. प्रत्येक कथनक्रियापद हा एक छोटासा निवाडा असतो. 'म्हणाला', 'कबूल केले', 'दावा केला', 'कांगावा केला' या चार क्रियापदांखाली एकच वाक्य ठेवून पाहावे. चार निराळे खटले उभे राहतात.

३

या रूपांतराचा सर्वांत जुना आणि प्रसिद्ध नमुना प्लेटोच्या 'रिपब्लिक'च्या तिसऱ्या भागात सापडतो. सॉक्रेटिस तेथे 'इलियड'च्या आरंभीचा प्रसंग घेतो. पुजारी क्रायसीज आपल्या मुलीच्या सुटकेसाठी याचना करतो आणि अ‍ॅगमेम्नॉन त्याला हाकलून देतो, हा तो प्रसंग. होमरने येथे पात्रांच्या मुखाने बोलणे घातले आहे. सॉक्रेटिस ते काढून टाकतो आणि सारा संवाद स्वतःच्या सरळ, छंदरहित निवेदनात सांगून दाखवतो. आजच्या परिभाषेत त्याने डायरेक्टचे इनडायरेक्ट केले.

ध्यानात घेण्यासारखी गोष्ट अशी की, प्लेटोला हे दोन प्रकार तुल्य वाटत नव्हते. तसे ते वाटले असते तर त्याने एवढा खटाटोप केलाच नसता. नगराच्या रक्षकाने दुसऱ्याचा, विशेषतः हीन मानलेल्या माणसाचा, आवाज आपल्या मुखात घेतला तर तो आवाज त्याच्या स्वभावात मुरेल, ही त्याची भीती होती. म्हणजे अप्रत्यक्ष कथन हा त्याच्या दृष्टीने एक बंदोबस्त होता: परक्या आवाजाला वेशीबाहेर ठेवायचे आणि फक्त त्याचा आशय आत घ्यायचा. आपण प्लेटोशी सहमत असू वा नसू, पण रूप बदलले की नाते बदलते, हे त्याने शालेय व्याकरणापेक्षा अधिक स्पष्टपणे ओळखले होते.

विसाव्या शतकात हा प्रश्न वोलोशिनोव्हने पुन्हा मांडला. १९२९ साली रशियन भाषेत प्रसिद्ध झालेल्या आणि १९७३ साली इंग्रजीत आलेल्या त्याच्या मार्क्सवाद आणि भाषेचे तत्त्वज्ञान यांवरील ग्रंथाचा तिसरा भाग परोक्तीच्या विवेचनाला वाहिलेला आहे. दुसऱ्याच्या शब्दाचा स्वीकार समाज कोणत्या रीतीने करतो, त्याच्याभोवती कडक सीमारेषा आखतो की त्याला आपल्या बोलण्यात झिरपू देतो, यावरून त्या समाजातील अधिकारसंबंध वाचता येतात, ही त्याची मूळ भूमिका. विश्लेषण हा अप्रत्यक्ष कथनाचा प्राण आहे, असे तो मानतो. मूळ उक्तीतील भावनात्मक अंश जसाच्या तसा आत येऊ शकत नाही. त्याचे आशयात तरी रूपांतर व्हावे लागते, नाही तर कथनक्रियापदाला जोडलेल्या शेऱ्यात. म्हणून शब्दशः यांत्रिक रूपांतर ही त्याच्या मते भाषेची थट्टाच ठरते.

वोलोशिनोव्हचे आणखी एक निरीक्षण आपल्या दृष्टीने फार मोलाचे आहे. फ्रेंच वा जर्मन भाषेत अप्रत्यक्ष कथनाची ओळख पटवणारी काळांची वा अर्थांची खास रूपे आहेत. रशियनमध्ये ती नाहीत. तेथे मूळ उक्तीचा काळ कथनातही तसाच राहतो. त्यामुळे रशियनमध्ये प्रत्यक्ष व अप्रत्यक्ष यांच्या सीमा धूसर आहेत, असे तो नोंदवतो. मराठीच्या अभ्यासकाला हे वाक्य वाचताना आपल्याच घराचे वर्णन वाचल्यासारखे वाटावे.

४

आता मराठी विद्यार्थ्याच्या तथाकथित चुकीकडे वळू. 'रमा सेड दॅट शी इज इल' असे तो लिहितो. शिक्षक 'इज' खोडून 'वॉज' लिहितात. विद्यार्थी नियम विसरला, असा निष्कर्ष निघतो. पण मराठीत पाहा. 'रमा म्हणाली की ती आजारी आहे' आणि 'रमा म्हणाली की ती आजारी होती' ही दोन भिन्न अर्थांची वाक्ये आहेत. पहिल्यात बोलण्याचा क्षण आणि आजारपण समकालीन आहेत. दुसऱ्यात आजारपण बोलण्याच्या आधी होऊन गेले आहे. मराठीत आतल्या वाक्याचा काळ मूळ उक्तीच्या क्षणाशी बांधलेला असतो. इंग्रजीत तो कथनकर्त्याच्या क्षणाशी जुळवून घेतला जातो. मराठी वाक्य श्रोत्याला रमेजवळ नेऊन उभे करते. इंग्रजी वाक्यात श्रोता सांगणाऱ्याजवळच राहतो आणि रमा दूर जाते. मराठी विद्यार्थ्याने 'इज' लिहिले ते आपल्या भाषेची व्यवस्था काटेकोरपणे पाळून. 'वॉज' लिहिताना त्याला खरोखरच अर्थ बिघडल्यासारखा वाटतो, आणि मराठीच्या दृष्टीने तो बिघडतोही.

गंमत अशी की, त्याचे वाक्य इंग्रजीतही अशुद्ध नाही. सांगणाऱ्याच्या मते ती स्थिती अजून कायम असेल तर इंग्रजीत वर्तमानकाळ चालतो. 'पृथ्वी गोल आहे' यासारख्या त्रिकालाबाधित सत्याला शालेय नियम जो अपवाद करतो, तो या व्यापक तत्त्वाचा एक लहानसा कोपरा आहे. समजा, एका अधिकाऱ्याने 'पूल सुरक्षित आहे' असे सांगितले. वार्ताहराने 'द ब्रिज इज सेफ' असे लिहिले तर त्या सुरक्षिततेचा थोडासा भार तो स्वतःवर घेतो. 'वॉज सेफ' असे लिहिले तर तो सगळा भार अधिकाऱ्यावर ठेवून मोकळा होतो. येस्पर्सनने १९२४च्या आपल्या व्याकरणतत्त्वविषयक ग्रंथात काळाच्या या मागे सरकण्याचे वर्णन केले आहे. ते पुष्कळदा केवळ सवयीने घडते हे खरे. पण जेथे निवड शक्य असते तेथे ती निवड जबाबदारीची असते. शाळेने हिचा नियम केला. विद्यार्थ्याला 'तू या विधानाची हमी घेतोस का?' असा प्रश्न विचारायला हवा होता. त्याऐवजी 'काळ बदललास का?' असे विचारले गेले.

५

सांगितलेल्या गोष्टीची हमी घेणे वा नाकारणे हे काम मराठी काळाकरवी करीत नाही. मग कशाकरवी करते? येथे मराठीची स्वतःची साधने नीट पाहिली पाहिजेत.

पहिले साधन 'म्हणे'. 'तो मुंबईला गेला म्हणे.' येथे कथनकर्ता आहे, परंतु मूळ वक्ता नाही. कोणी सांगितले हे सांगण्याची जबाबदारी नाही आणि खरे आहे असे म्हणण्याचीही नाही. एका निपाताने सारे विधान गावावर सोपवले जाते. याच 'म्हणे'त अविश्वास, कौतुक, कुचेष्टा यांच्या छटा आवाजाप्रमाणे भरता येतात. डायरेक्ट की इनडायरेक्ट या विभागणीत त्याला जागाच नाही.

दुसरे साधन 'म्हणून'. 'येतो म्हणून गेला तो आलाच नाही.' या वाक्यातील 'येतो' प्रत्यक्ष की अप्रत्यक्ष? पुरुष मूळ वक्त्याचा, काळ मूळ वक्त्याचा. परंतु अवतरण नाही, विराम नाही, आणि ती उक्ती सांगणाऱ्याच्या वाक्यात पूर्णपणे विरघळलेली. हाच 'म्हणून' 'पाऊस येईल म्हणून छत्री घेतली' येथे कारण सांगतो आणि 'विठोबा म्हणून एक गडी होता' येथे नाव सांगतो. उक्ती, हेतू, कारण आणि नाम ही मराठीत एकाच धाग्यावर ओवलेली आहेत. कन्नडमधील 'एंदु', तेलुगूमधील 'अनि', तमिळमधील 'एन्रु' यांचेही असेच बहुविध उपयोग आहेत. संस्कृत 'इति'चा या संदर्भात विचार करून कायपरने १९६७च्या आपल्या लेखात भारतीय भाषाक्षेत्राच्या घडणीची चर्चा केली. याउलट 'की' हा फारसीकडून आलेला. उक्ती आधी ठेवून मागाहून 'असे' वा 'म्हणून' जोडणे, आणि 'म्हणाला की' असे आधी सांगून मग उक्ती ठेवणे, हे दोन्ही मार्ग मराठीत शेजारी शेजारी नांदतात. इंग्रजीच्या तासाने आपल्याला त्यांतला 'की'चाच मार्ग तेवढा प्रमाण वाटू लागला, कारण 'दॅट'चे भाषांतर तोच करतो.

तिसरे साधन लिंगवचनाचे. 'रमा म्हणाली की मी खोटे बोलते' आणि 'रमा म्हणाली की मी खोटे बोलतो' ही दोन वाक्ये एखादा पुरुष उच्चारत आहे असे समजा. पहिल्यातील 'मी' रमा आहे, दुसऱ्यातील 'मी' तो पुरुष. पहिल्यात रमा कबुली देते, दुसऱ्यात ती आरोप करते. सर्वनाम एकच; निवाडा क्रियापदाचा प्रत्यय करतो. दोघीही स्त्रिया असतील तर मात्र संदिग्धता उरते आणि ती प्रसंगावरूनच सुटते. 'मी' कोणाचा, हा प्रश्न मराठीत वाक्याच्या आत सतत जागता ठेवावा लागतो.

चौथे आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचे साधन 'आपण'. 'मंत्री म्हणाले की, आपण राजीनामा देणार नाही' हे वृत्तपत्री वाक्य आपण रोज वाचतो. हा 'आपण' म्हणजे मंत्री. वार्ताहर नव्हे, वाचकही नव्हे. मूळ उक्तीतील 'मी' येथे 'ते' झालेला नाही आणि 'मी'ही राहिलेला नाही. मराठीतील आत्मवाचक सर्वनामांच्या दीर्घपल्ल्याच्या संदर्भाविषयी काशी वली प्रभृती भाषावैज्ञानिकांनी विचार केला आहे. समीक्षेने मात्र या सर्वनामाची वाङ्मयीन शक्यता जवळजवळ हाताळलेलीच नाही. ज्याच्या मनातून वा मुखातून विधान निघाले त्याच्याकडेच बोट दाखवणारे, पण त्याला प्रथमपुरुषाचे सिंहासन न देणारे असे हे रूप आहे.

६

येथून मुक्त अप्रत्यक्ष कथनाच्या प्रश्नाकडे जाता येते. शार्ल बाली याने १९१२ साली फ्रेंचमधील या शैलीला नाव दिले. पुढे रॉय पास्कल (१९७७), डॉरिट कोन (१९७८), अ‍ॅन बॅनफील्ड (१९८२) यांनी तिची मीमांसा केली. निवेदकाचे वाक्य आणि पात्राचे मन एकाच वाक्यात नांदावे, 'तो म्हणाला' वा 'तिला वाटले' यांचा आधार न घेता, ही ती शैली. तिच्यातील धोका किती खरा असतो हे १८५७ साली 'मादाम बोव्हारी'वरील खटल्यात दिसले. सरकारी वकील पिनार यांनी एम्माच्या मनातील उन्माद हा लेखकाने केलेला व्यभिचाराचा गौरव मानला. वाक्य कोणाचे, पात्राचे की निवेदकाचे, हा व्याकरणाचा प्रश्न त्या दिवशी न्यायालयात उभा होता. फ्लोबेर सुटला, परंतु प्रश्न सुटला नाही.

मराठी समीक्षेने ही संकल्पना स्वीकारली तेव्हा तिच्यासोबत तिच्या खुणाही स्वीकारल्या. तृतीयपुरुषी सर्वनाम, मागे सरकलेला काळ, आणि त्यांच्या जोडीला पात्राच्या 'आता-येथे'ची क्रियाविशेषणे. या खुणा इंग्रजी-फ्रेंचच्या अप्रत्यक्ष कथनातून आलेल्या आहेत. जेथे अप्रत्यक्ष कथनातच काळ मागे सरकत नाही, तेथे त्याच्या मुक्त रूपात तो सरकलेला शोधणे व्यर्थ आहे. परिणामी दोनपैकी एक घडते: मराठीत ही शैली अभावानेच आहे असे म्हटले जाते, किंवा अवतरणचिन्ह नसलेले प्रत्येक मनोगत तिच्या खाती जमा केले जाते.

एक साधा उतारा कल्पून पाहू. 'रमा खिडकीशी आली. आता कशाला येतोय तो! बसला असेल तिथेच गप्पा मारत. आपण मात्र वाट पाहत राहायचे.' दुसऱ्या वाक्यापासून काळ वर्तमानाचा आहे. इंग्रजी निकष लावला तर हे प्रत्यक्ष मनोगत ठरेल. पण शेवटच्या वाक्यात तीन शक्यता होत्या. 'मी मात्र वाट पाहत राहायचे' असे लिहिले असते तर रमा स्वतः बोलू लागली असती. 'तिने मात्र वाट पाहत राहायचे' असे लिहिले असते तर निवेदक तिच्या बाजूने, तिच्या स्वरात, पण स्वतःच्या जागेवरून बोलला असता. 'आपण' या दोहोंच्या मध्ये आहे: मन रमेचे, पण 'मी' म्हणण्याइतकी ती उघड झालेली नाही. शिवाय 'आपण' समावेशकही असल्यामुळे वाट पाहणाऱ्या साऱ्या बायकांना, क्वचित वाचकालाही, तो आत ओढून घेतो. इंग्रजीत जेथे 'आय' आणि 'शी' या दोनच पायऱ्या आहेत तेथे मराठीत तीन आहेत, आणि मधली पायरी सामाजिक आहे. मराठी कथात्म साहित्यातील पुरुषदृष्टी आणि स्त्रीदृष्टी, एकाकीपण आणि समूहभाव यांचा विचार या पायरीवरून नव्याने करता येईल.

'कोसला' (१९६३) या कादंबरीचे उदाहरण या दृष्टीने पाहण्याजोगे आहे. तेथे पांडुरंग सांगवीकर प्रथमपुरुषात बोलतो, आणि वडील, मित्र, प्राध्यापक यांचे बोलणे अनेकदा अवतरणचिन्हांची वेस ओलांडून त्याच्या सांगण्यात मिसळते. त्याचा बहुचर्चित 'वगैरे' हाही परोक्तीचाच एक शेरा आहे. पुढचे सारे बोलणे ठाऊकच आहे, ते पुन्हा सांगण्याच्या लायकीचे नाही, असा निवाडा तो एका शब्दात देतो. नेमाड्यांच्या शैलीची चर्चा बोलीच्या अंगाने पुष्कळ झाली. दुसऱ्यांच्या उक्तींची विल्हेवाट ती कशी लावते, या अंगाने ती व्हायला हवी.

७

ही व्यवस्था आधुनिक नाही. अवतरणचिन्ह इतर विरामचिन्हांबरोबर एकोणिसाव्या शतकात इंग्रजीच्या संपर्कातून आपल्याकडे आले. त्यापूर्वीचे मराठी गद्य उक्तीची सीमा शब्दांनीच आखत होते. 'लीळाचरित्र' हा मराठी गद्याचा आद्य ग्रंथ म्हणजे एका अर्थी परोक्तीचेच महाभांडार आहे. तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात म्हाइंभटांनी चक्रधरांच्या सहवासातील माणसांना गाठून त्यांच्या आठवणी मिळवल्या. कोणी, कोठे, कोणत्या प्रसंगी काय म्हणितले, याला त्यात केंद्रस्थान आहे. पुढे केशिराजबासांनी त्यातून चक्रधरांची वचने वेगळी काढून 'सूत्रपाठ' सिद्ध केला. एकच उक्ती प्रसंगात गुंतलेली असताना लीळा असते आणि प्रसंगातून सोडवली की सूत्र होते. दोहोंतील शब्द तेच असले तरी अधिकार मात्र तोच राहत नाही. लीळेत चक्रधर कोणाशी तरी बोलत असतात. सूत्रात ते सर्वांशी आणि सर्वकाळ बोलू लागतात. वारकरी संतांच्या नाममुद्रेतील 'म्हणे' हाही असाच विचार करायला लावणारा. तेथे कवी स्वतःचेच बोलणे तृतीयपुरुषात सांगतो, स्वतःच्या उक्तीचा स्वतःच कथनकर्ता होतो.

हा सारा ऊहापोह केवळ वाङ्मयीन कुतूहलाचा नाही, हे दाखवण्यासाठी एकच उदाहरण देतो. १९७३च्या फौजदारी प्रक्रिया संहितेप्रमाणे सत्र न्यायालयातील साक्ष सामान्यतः कथनाच्या रूपात उतरवली जाई. प्रश्नोत्तरांच्या रूपात ती घेणे न्यायाधीशाच्या विवेकावर सोपवलेले होते. १ जुलै २०२४पासून त्या संहितेची जागा भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने घेतली, तरी ही रीत कायम आहे. म्हणजे वकील प्रश्न विचारतो, साक्षीदार 'हो' किंवा 'नाही' म्हणतो, आणि कागदावर उतरते ते साक्षीदाराचे प्रथमपुरुषी, सलग, सुव्यवस्थित वाक्य. प्रश्न नाहीसा होतो. प्रश्नातील शब्द साक्षीदाराच्या मुखात जातात. उलटतपासणीत 'हे म्हणणे खरे नाही की…' अशा साच्यात जी वाक्ये नोंदली जातात, त्यांतील एकही शब्द कित्येकदा त्या माणसाने उच्चारलेला नसतो. त्याने फक्त मान हलवलेली असते. पोलिसांपुढील जबाबही 'विचारल्यावरून सांगतो की' असा सुरू होतो आणि पुढचा 'मी' लिहिणाऱ्याच्या भाषेत बोलू लागतो. शेतमजूर बाईचा जबाब कचेरीच्या मराठीत वाचताना जो अवघडलेपणा जाणवतो, त्याचे मूळ येथे आहे. रूप प्रत्यक्ष कथनाचे, शब्द मात्र कथनकर्त्याचे. प्रत्यक्ष कथन म्हणजे शब्दशः कथन, हा शालेय समज येथे सर्वांत महाग पडतो, कारण त्यावर कोणाचे तरी स्वातंत्र्य अवलंबून असते.

अशा स्थितीत इंग्रजीचा तो धडा टाकून द्यावा काय? तसे मला वाटत नाही. इंग्रजीतील काळाचे मागे सरकणे मराठी विद्यार्थ्याला शिकावेच लागेल. ते त्या भाषेचे शील आहे. परंतु ते दोन व्यवस्थांची तुलना म्हणून शिकवता येते. 'रमा म्हणाली की ती आजारी आहे' हे वाक्य फळ्यावर आधी लिहावे, त्यातील काळ कोणाजवळ उभा आहे ते विद्यार्थ्यांकडून काढून घ्यावे, मग इंग्रजी वाक्य लिहून तेथे कोण कोठे सरकले ते विचारावे. 'ऑर्डर्ड' की 'रिक्वेस्टेड' हे ठरवताना उत्तर एकच नाही, हे मान्य करावे आणि निवडीचे कारण मागावे. एका भांडणाचे वृत्त दोन्ही पक्षांच्या बाजूने लिहायला लावावे. असे केल्यास व्याकरणाचा तास निवेदनमीमांसेचा पहिला तास होईल, आणि पदव्युत्तर वर्गात आपण जे मोठ्या कष्टाने शिकवू पाहतो त्याचे बीज आठवीतच पडेल.

समीक्षेपुढचे काम याहून अवघड आहे. मराठी निवेदनाचे वर्णन करण्यासाठी आपल्याला 'म्हणे', 'म्हणून', 'आपण' आणि न सरकणारा काळ यांच्यापासून प्रारंभ करावा लागेल. बाली वा बॅनफील्ड यांची संगत तुलनेसाठी घ्यावी, साच्यासाठी नव्हे. दुसऱ्याचा शब्द आपल्या तोंडात घेताना तो कोणाचा म्हणून घेतला आणि त्याची हमी कोणी घेतली, हे दोन प्रश्न प्रत्येक निवेदनाला विचारता येतात. डायरेक्टचे इनडायरेक्ट करताना आपल्याला ते कधी विचारले गेले नाहीत. ते विचारण्याची सवय आता तरी आपण स्वतःला लावून घेतली पाहिजे.